९७८ मेगाहर्ट्झवरचे हवामान

अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या आणि १०,००० फुटांवरच्या बहुतेक हवाई क्षेत्रात उडायचे, तर विमानावर एडीएस-बी आउट हे उपकरण असणे बंधनकारक झाले. विमानाने उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवायचे आणि ते स्थान, उंची, वेग व आपली ओळख साधारण दर सेकंदाला रेडिओवरून जाहीर करत राहायचे, एवढेच त्या उपकरणाचे काम. आमचा लहानसा फ्लाइंग क्लब शिकागोच्या पश्चिमेला ड्यूपेज विमानतळावर आहे. शिकागोच्या ओहेअर या मोठ्या विमानतळाभोवतीच्या ३० सागरी मैलांच्या ज्या वर्तुळात हा नियम जमिनीपासूनच लागू होतो, त्या वर्तुळात आम्ही पुरते सापडलेले असल्यामुळे क्लबच्या सेसना १७२ या लहान विमानाला त्यातून सुटका नव्हती. सभासदांकडून जादा वर्गणी गोळा करून मुदतीच्या आधी ते काम उरकले, आणि त्या खर्चानंतर क्लबच्या तिजोरीत विशेष काही उरले नाही.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू, म्हणजे माहिती घेणारी एडीएस-बी इन, मात्र ऐच्छिक आहे. देशभर उभारलेली सुमारे ७०० भूकेंद्रे विमानांचे बोलणे ऐकतात, तशीच ती विमानांशी बोलतातही. हवामानाची माहिती आणि आसपासच्या विमानांची स्थाने ती अखंड प्रसारित करत असतात, आणि ती घेण्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. विमानाच्या पॅनेलमध्ये ही माहिती दाखवणारा पडदा कायमचा बसवायचा, तर काही हजार डॉलर लागतात. हातात धरून नेता येईल असा रिसीव्हर घेतला, तर तीच माहिती वाय-फायवरून टॅब्लेटवर येते आणि विमानाला एक स्क्रूही लावावा लागत नाही. क्लबच्या बैठकीत असा रिसीव्हर निवडून तो वापरात आणण्याचे काम माझ्याकडे आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या एका सहकाऱ्याकडे आले. पुढे लिहिले आहे ते त्या कामात पदरी पडलेले शहाणपण.

पहिला प्रश्न लहरींचा होता. अमेरिकेत एडीएस-बी दोन वारंवारितांवर चालते. १०९० मेगाहर्ट्झ ही जगभर चालणारी वारंवारिता असून सर्व प्रवासी विमाने तीच वापरतात. ९७८ मेगाहर्ट्झ ही अमेरिकेने १८,००० फुटांखाली उडणाऱ्या लहान विमानांसाठी दिलेली दुसरी वाट आहे. हवामान फक्त ९७८ वर मिळते, कारण १०९० वर आधीच इतकी गर्दी आहे की तेथे नकाशे पाठवण्यास जागाच नाही. सुरुवातीच्या काळातील काही स्वस्त रिसीव्हर केवळ ९७८ ऐकत. त्यांच्यावर हवामान उत्तम येई, पण डोक्यावरून जाणारे बोइंग त्यांना थेट ऐकू येत नसे. शिकागोच्या आकाशात उडणाऱ्याने दोन्ही वारंवारिता ऐकणारे यंत्रच घ्यावे, यावर आमचे दुमत झाले नाही.

सहकाऱ्याच्या आग्रहाने आम्ही प्रथम स्ट्रॅटक्स बांधून पाहिला. हा २०१५ च्या सुमारास सुरू झालेला मुक्त प्रकल्प आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्याला जोडलेले दोन यूएसबी रेडिओ, एक जीपीएस, दोन अँटेना आणि एका मेमरी कार्डावर उतरवलेले सॉफ्टवेअर एवढ्यात तो तयार होतो. गंमत अशी की हे यूएसबी रेडिओ मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी तयार झाले होते. त्यांतील चिप मोठ्या पट्ट्यातील कुठल्याही वारंवारितेचे कच्चे नमुने संगणकाला देऊ शकते, हे हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि त्यांच्यातून स्वस्त रेडिओंचे एक नवेच जग उभे राहिले. दोन्ही वारंवारितांच्या अँटेनांच्या लांबीत जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा फरक असल्याने त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे आवश्यक असते. सुटे भाग जमवण्यास दीडशे डॉलरच्या आसपास खर्च आला. यंत्र चालू केल्यावर त्याचे स्वतःचे वाय-फाय दिसू लागते, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ हा पत्ता टाकला की किती संदेश येत आहेत, किती भूकेंद्रे ऐकू येत आहेत, जीपीएसला किती उपग्रह सापडले आहेत, हे सारे उघड्यावर दिसते. विकत मिळणाऱ्या गुळगुळीत डब्या हा तपशील बहुधा झाकून ठेवतात. मला तर वाटते की ज्याला ही व्यवस्था मुळापासून समजून घ्यायची आहे, त्याने पुढे विकतचे यंत्र घ्यायचे ठरवले, तरी आधी एखादा स्ट्रॅटक्स बांधून पाहावा.

क्लबसाठी अखेर आम्ही तयार यंत्रच घेतले. एकाच विमानात आलटून-पालटून उडणाऱ्या सभासदांपैकी प्रत्येकाला केबली, पॉवर बँक आणि चिठ्ठ्या लावलेल्या अँटेना यांचा संसार समजावत बसणे व्यवहार्य नव्हते. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या सेंट्रीसारख्या यंत्रांत बॅटरी, जीपीएस, दोन्ही रेडिओ आणि विमानाचा कल दाखवणारे संवेदक एकाच लहान डबीत असतात, ती दिवसभर चालते, आणि तिची त्या वेळची किंमत पाचशे डॉलरच्या घरात होती. तिच्यात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटाही आहे. इलिनॉयच्या हिवाळ्यात सेसनाच्या हीटरची हवा इंजिनाच्या धुराड्याभोवतीच्या आवरणातून तापून आत येते. त्या धुराड्याला बारीकशी चीर पडली, तरी हा गंधहीन वायू वैमानिकाच्या नकळत केबिनमध्ये शिरतो. जाहिरातीत या घंटेला एखादी ओळ मिळते. माझ्या लेखी त्या किमतीतील निम्मे पैसे तिचेच. उलट, टॅब्लेटवर दिसणारे कृत्रिम क्षितिज मी प्रात्यक्षिकापुरतेच पाहते. डबी रबरी चकतीने काचेला चिकटवलेली असते, ती जराशी सरकली की क्षितिजही सरकते.

यंत्र विमानात कोठे ठेवावे, यावर हवे तितके प्रयोग झाले. समोरच्या काचेखाली ठेवल्यास ते उन्हात तापते, शिवाय इंजिन आणि पॅनेल यांचा धातू पुढून येणाऱ्या लहरी अडवतो. सेसना १७२ चे पंख वरच्या बाजूस असल्याने बाजूच्या खिडकीतून खाली जमिनीकडे दृष्टी मोकळी असते. हवामान पाठवणारी केंद्रे खालीच असल्यामुळे मागच्या आसनाजवळील बाजूची खिडकी हवामानासाठी सर्वांत उत्तम ठरली. त्याची किंमत म्हणजे वरून जाणाऱ्या विमानांचे थेट संदेश पंखाआड थोडे दबतात. जमिनीवर उभे असताना आमच्या हँगरपाशी बहुधा काहीच येत नाही. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे उड्डाणानंतर हजारभर फूट चढल्यावर एक केंद्र, मग तीन, मग पाच अशी संख्या वाढत जाते. नव्या सभासदांना हे आवर्जून सांगावे लागते. नाही तर यंत्र बिघडले, असे समजून ते धावपट्टीकडे जाण्याच्या वाटेवरच बटणे दाबत बसतात. उड्डाणापूर्वीचे हवामान आपल्या घरच्या किंवा फोनच्या इंटरनेटवरूनच घ्यावे लागते. रिसीव्हरचे काम त्यानंतर सुरू होते.

विमानांच्या रहदारीचे चित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा सगळेच सभासद हरखले. लहान बाण, प्रत्येकाशेजारी आपल्यापेक्षा किती शेकडा फूट वर किंवा खाली हे सांगणारा आकडा, वर चढत असल्यास वरची खूण. थोड्याच उड्डाणांत त्या चित्रातील खाचा दिसू लागल्या. आमच्या पश्चिमेच्या डीकाल्ब गावाच्या बाजूला रडार नियंत्रकाने दोन वाजण्याच्या दिशेला, म्हणजे पुढे उजवीकडे, तीन मैलांवर एक विमान असल्याचे सांगितले, ते मला खिडकीतून दिसलेही, आणि टॅब्लेटवर त्या जागी काहीही नव्हते. परतताना ओहेअरच्या जवळ आल्यावर मात्र पडदा विमानांनी भरून गेला.

याचे कारण समजण्यासाठी ही माहिती कोणासाठी पाठवली जाते, हे पाहावे लागते. ज्या विमानात एडीएस-बी आउट आहे, त्याचा संदेश आपला रिसीव्हर थेट ऐकतो, आणि तो संदेश आपल्याच वारंवारितेवर असो वा दुसऱ्या, दोन्ही रेडिओ असल्यास अडचण नसते. ज्या विमानात केवळ जुना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या हाकेला उत्तर देणारे यंत्र, आहे, ते रडारला दिसते, आणि रडारला दिसलेले हे स्थान भूकेंद्र आपल्याला कळवते. ही दुसरी सेवा मात्र सरसकट सर्वांसाठी नसते. भूकेंद्र आपले ग्राहक ठरवते. ज्या विमानाच्या आउट संदेशात 'माझ्याकडे इन रिसीव्हर आहे' अशी नोंद असते, त्याच्याभोवती १५ सागरी मैल त्रिज्येची आणि ३,५०० फूट वर व तितकीच खाली अशी एक चकती कल्पून तेवढ्या भागातील विमाने त्याच्यासाठी प्रसारित केली जातात. दुसऱ्या कोणासाठी पाठवलेली माहिती आपल्या रिसीव्हरलाही ऐकू येते, पण ती असते त्या दुसऱ्या विमानाभोवतीची. शेजारच्या घरातील रेडिओवर बातम्या ऐकाव्यात, तसा हा प्रकार आहे: त्याने स्टेशन बदलले की आपल्या बातम्या बंद.

ज्यांच्या विमानात आउट उपकरणच नव्हते, अशा असंख्य वैमानिकांनी २०२० पूर्वी केवळ रिसीव्हर घेऊन असे उसने चित्र पाहिले आहे. आमच्याकडे आउट होते. तरीही चित्र उसनेच निघाले, कारण आउट उपकरण बसवताना विमानात इन रिसीव्हर नसल्याची नोंद केली गेली होती, आणि ती त्या दिवशी खरीच होती. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा नोंदणी क्रमांक आणि उड्डाणाची तारीख दिली की त्या उड्डाणातील आउट संदेशांच्या गुणवत्तेचा अहवाल ईमेलने विनामूल्य मिळतो. तो अहवाल घेऊन आम्ही आमच्या एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक्सच्या, तंत्रज्ञाकडे गेलो. त्याने मांडणीतील नोंदी तपासल्या, आमचा रिसीव्हर कोणता आणि तो दर उड्डाणात असतो का, हे विचारून घेतले आणि १०९० व ९७८ या दोन्हींची नोंद बदलून तसे लॉगबुकात लिहिले. त्यानंतर डीकाल्बकडील शेतांवरही विमाने दिसू लागली.

आणखी एक किरकोळ बाब म्हणजे स्वतःच्याच विमानाचे भूत. आपले विमान रडारलाही दिसते आणि आउट संदेशही देते, त्यामुळे ते आपल्याच पडद्यावर, नेमक्या आपल्याच उंचीवर, अगदी लगत उडणारे दुसरे विमान म्हणून उमटू शकते, आणि इशारा देणारा आवाज वैमानिकाची झोप उडवतो. विमानाला मिळालेला ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांतून बनलेला सहा अक्षरांचा संकेतांक, जो अमेरिकेतील नोंदणीच्या विमानांसाठी 'ए' या अक्षराने सुरू होतो, तो अ‍ॅपमध्ये भरला की हे भूत उतरते. क्लबमध्ये एकाहून अधिक विमाने असतील, तर प्रत्येक वेळी हा संकेतांक बदलावा लागतो. आमच्याकडे एकच असल्याने तो प्रश्न आला नाही.

नोंद बदलल्यावरही चित्र पूर्ण होत नाही, आणि ते कधीच होणार नाही. मूळ रचनेतच वीजयंत्रणा नसलेली जुनी विमाने, ग्लायडर आणि बलून यांना नियमातून सूट आहे. मक्याच्या शेतांवर जुलै-ऑगस्टमध्ये फवारणी करणारी विमाने शहरांच्या वर्तुळाबाहेर, रडारच्या नजरेखाली उडतात. रडारकडून आलेले स्थान पाच ते बारा सेकंद जुने असते, तर थेट संदेशाचे स्थान सेकंदभर. पडद्यावर मात्र दोन्ही बाण सारख्याच आत्मविश्वासाने उभे असतात. म्हणून रहदारीच्या चित्राचा उपयोग मी एवढाच करते की बाहेर आधी कोठे पाहायचे, ते त्यावरून ठरवते. विमानतळाच्या सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यापूर्वीच्या ठरलेल्या फेरीत, शिरल्यावर टॅब्लेटकडे पाहायचेच नाही, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे.

या यंत्राची खरी कमाई हवामानात आहे. पूर्वी उडताना वाटेतील हवामान विचारण्यासाठी १२२.० मेगाहर्ट्झवर फ्लाइट वॉच ही सेवा होती. ती २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. वैमानिकांना माहिती देणाऱ्या फ्लाइट सर्व्हिसला रेडिओवर विचारण्याची सोय त्यानंतरही राहिली, पण त्यांनी शब्दांत सांगितलेले वादळ आपण मनात नकाशावर काढायचे, हे गडगडाट समोर असताना सोपे नसते. उपग्रहावरून हवामान पुरवणारी खासगी सेवा उत्तम आहे, जमिनीवरही चालते, पण तिला दरमहा वर्गणी पडते. ९७८ वर रडारचे चित्र, विमानतळांची निरीक्षणे, अंदाज, वरच्या थरांतील वारे, वैमानिकांनी कळवलेले अनुभव, धोक्याचे इशारे आणि तात्पुरते बंद केलेले हवाई क्षेत्र हे सारे येत राहते. नोटॅमच्या, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनांच्या, बाबतीत तीस दिवसांपेक्षा जुन्या सूचना या प्रसारणातून गाळलेल्या असतात, तेव्हा त्या निघण्यापूर्वीच वाचून घ्याव्या लागतात.

या सगळ्यात रडारचे रंगीत चित्र सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवे आहे. त्यावर 'सात मिनिटांपूर्वीचे' असे लिहिलेले असते. ते वय चित्र जुळवून पूर्ण झाले, त्या क्षणापासून मोजलेले असते. त्याआधी रडारने वेगवेगळ्या कोनांतून आकाश पिंजून काढण्यात, अनेक रडारांची चित्रे एकत्र शिवण्यात आणि ती प्रसारणाच्या रांगेत लागण्यात गेलेला वेळ त्यात धरलेला नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये याच विषयावर इशारा प्रसिद्ध केला आणि सांगितले की टोकाच्या परिस्थितीत प्रत्यक्ष माहिती दाखवलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. ३० नॉट, म्हणजे ताशी ३० सागरी मैल, वेगाने सरकणारे वादळ पंधरा मिनिटांत साडेसात सागरी मैल पुढे गेलेले असते. दोन लाल ठिपक्यांमध्ये दहा मैलांची फट दिसते म्हणून तीत शिरणारा वैमानिक खरे तर मघाच्या फटीत शिरत असतो. शिवाय हे वाढणारे ढग असतात. पंधरा मिनिटांत फट सरकतेच असे नाही, ती मिटूही शकते. तीव्र गडगडाटी ढगांपासून किमान २० मैल दूर राहण्याचा एफएएचा जुना सल्ला या चित्रामुळे जरासुद्धा शिथिल होत नाही.

हे पुस्तकातले ज्ञान एका उन्हाळी संध्याकाळी स्प्रिंगफील्डहून ड्यूपेजला परतताना कामी आले. आयोवाकडून एक वादळरेषा पूर्वेकडे येत होती. निघण्यापूर्वीच्या अंदाजाप्रमाणे आम्ही तिच्या आधी घरी पोहोचणार होतो, तरीही मध्येच उतरावे लागले तर म्हणून ब्लूमिंग्टन विमानतळ मनात ठेवला होता. लिंकन गावच्या उत्तरेस पोहोचलो, तेव्हा टॅब्लेटवर वादळरेषा इलिनॉय नदीच्या पलीकडे, पिओरियाच्या पश्चिमेस दिसत होती. आमच्या मार्गापासून ती पुरेशी दूर वाटत होती, आणि माझा सहवैमानिक पुढे जाण्याच्या बाजूने होता. मी पिओरियाच्या ठिपक्यावर बोट ठेवून तेथील निरीक्षण उघडले. नेहमीच्या तासाच्या निरीक्षणांच्या मधेच एक विशेष निरीक्षण येऊन पडले होते: आतापर्यंत दक्षिणेकडून वाहणारा वारा वायव्येकडे फिरला होता आणि त्याला जोरदार झोत येऊ लागले होते. चित्रातला पाऊस अजून पिओरियाला पोहोचला नव्हता, पण ढगातून कोसळलेली थंड हवा पुढे धावत तेथे पोहोचली होती. म्हणजे वादळ चित्रात दिसत होते त्यापेक्षा पुढे तरी आले होते, किंवा त्याचे झोत त्याच्या बरेच पुढे पळत होते. दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी लहान विमानासाठी निष्कर्ष एकच होता.

नियंत्रकाला विचारले, तेव्हा त्यांनी आमच्या वायव्येस तीव्र ते अतितीव्र पर्जन्य असल्याचे सांगितले आणि ब्लूमिंग्टनकडे वळण्याची आमची विनंती लगेच मान्य केली. आम्ही उतरलो, विमान दोरांनी नीट बांधले आणि टर्मिनलमध्ये कॉफी घेत बसलो. थोड्या वेळाने धुळीची एक भिंत धावपट्टीवरून गेली, मग पाऊस आला. सहवैमानिकाने फोनवर त्याच वेळचे रडार काढून टॅब्लेटवर गोठलेल्या शेवटच्या चित्राशेजारी ठेवले, आणि दोन्हींतले अंतर आम्ही बोटांनी मोजले. उशिरा, रेषा इंडियानाकडे निघून गेल्यावर, आम्ही निवांत आकाशातून परतलो.

तेव्हापासून माझा माहिती वाचण्याचा क्रम बदलला आहे. वादळाच्या बाजूच्या विमानतळांची निरीक्षणे मी आधी वाचते, कारण ती मजकुराच्या दोन ओळींत असली, तरी त्यांवर लिहिलेली वेळ खरी असते. त्यानंतर वैमानिकांचे अनुभव, आणि मग चित्र. चित्रात कोरी दिसणारी जागा म्हणजे तेथे पाऊस नाही की तेथील माहितीच आलेली नाही, हेही अ‍ॅपमधील छटेवरून ओळखावे लागते. जवळच्या भागाचे चित्र सुमारे दीड मैलाच्या चौकोनांचे असते, आणि संपूर्ण देशाचे त्याच्या पाचपट जाड चौकोनांचे. दूरवरचे वादळ ठोकळेबाज दिसले, तर ते त्यामुळे.

बारामतीला उड्डाणप्रशिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने हे सारे ऐकून फोनवर विचारले, "मावशी, येताना माझ्यासाठी एक आणतेस का?" त्याला नाही म्हणावे लागले. भारतात ९७८ वर असे प्रसारण नाही. ते यंत्र तेथे मुंबई-पुण्याकडे जाणारी प्रवासी विमाने १०९० वर ऐकेल, पण हवामानाची एक ओळही त्याला मिळणार नाही, आणि रेडिओ उपकरण बरोबर नेण्याआधी परवानगीचा प्रश्न उरतोच. सह्याद्रीवरचे जूनचे ढग त्याला आपल्या प्रशिक्षकाच्या आणि हवामान खात्याच्या नजरेनेच वाचावे लागणार आहेत.

क्लबच्या रिसीव्हरसाठी सध्या एक छापील कागद विमानाच्या चाव्यांबरोबर असतो: आदल्या रात्री डबी आणि टॅब्लेट दोन्ही चार्ज करणे, अ‍ॅपचे नकाशे व सॉफ्टवेअर अद्ययावत आहे ना ते पाहणे, मागच्या उजव्या खिडकीलाच चकती लावणे, आणि उन्हाळ्यात उतरल्यावर ती बंद विमानात न ठेवता घरी नेणे. पुढच्या वर्षी पॅनेलमधील जुना रेडिओ बदलायचा आहे. त्या वेळी रिसीव्हरही कायमचा बसवावा, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. मी खर्चाचे कोटेशन मागवले आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइडची घंटा नसेल, तर डबी विकायची नाही, अशी अट मी आताच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवली आहे.